पथ्य, परहेज आणि गुडघे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सांधेदुखी झालेल्या माणसाला लोक दोन प्रश्न विचारतात. कुठं दुखतं, आणि काय खाता? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी कोणी थांबत नाही, कारण ते विचारणाऱ्याजवळ आधीच तयार असतं. वांगं सोडा. दही बंद करा. चिंचेकडं तर बघूसुद्धा नका. हरभऱ्याची डाळ वातूळ, ती नको. जुन्या नाशकात आमच्या गल्लीत हे सांगणाऱ्या खाला आहेत, नदी ओलांडून पंचवटीत गेलं की हेच सांगणाऱ्या काकू भेटतात. गंमत अशी, की दोघींची यादी जवळजवळ एकच आहे. एक तिला परहेज म्हणते, दुसरी पथ्य म्हणते.

माझे गुडघे गेली सहा-सात वर्षं बोलू लागलेत. नमाजाला बसताना एक बोलतो, उठताना दुसरा. मशिदीत सफींच्या कडेला मांडलेल्या खुर्च्या दरवर्षी वाढताना दिसतात, तेव्हा हा आजार माझ्या एकट्याचा नाही एवढं समाधान मिळतं. मी साधा बी. ए. झालेला माणूस. वैद्यकातलं मला जे कळतं ते वाचून आणि सोसून. पण कविता लिहिणाऱ्याला एक खोड असते. शब्द कुठून आला, कोणत्या घाटानं उतरला, हे शोधल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. सांधेदुखीच्या पथ्याची ही यादी आमच्या घरात कुठून आली, हे मी असंच शोधत गेलो.

सुरुवात शब्दापासूनच करतो. पथ्य हा शब्द पथावरून आला. शरीरातल्या वाटांना जे मानवतं ते पथ्य, अशी त्याची फोड वैद्य करतात. परहेज हा फारसी शब्द, त्याचा अर्थ दूर राहणं, टाळणं. म्हणजे मुळात एक शब्द काय खावं ते सांगत होता आणि दुसरा काय खाऊ नये ते. घराघरांत मात्र दोन्हींचा अर्थ 'खाऊ नये' एवढाच उरला. हकीम सांधेदुखीला 'वजा-उल-मफासिल' म्हणतात. वजा म्हणजे वेदना, मफासिल म्हणजे सांधे. ज्या अरबी धातूपासून हा मफासिल आला, त्याच धातूपासून आपल्या शेतातली 'फसल' आली आणि कोर्टातला 'फैसला'ही आला. वेगळं करणं हा त्या धातूचा अर्थ. हाड हाडापासून जिथं वेगळं होतं तो सांधा. आपल्या मराठीनं नेमकं उलटं पाहिलं. आपण जिथं दोन हाडं जुळतात त्याला सांधा म्हटलं. दुखतं मात्र दोन्ही भाषांत सारखंच.

आता थोडं मागं जाऊ. चरकसंहितेत 'वातरक्त' नावाच्या रोगाचं प्रकरण आहे. पायाच्या नाहीतर हाताच्या लहान सांध्यांतून सुरू होणारा, सूज आणि आग घेऊन येणारा हा रोग. त्याचं एक नाव तिथं 'आढ्यवात' असं दिलंय. आढ्य म्हणजे श्रीमंत. सुखासीन, नाजूक, गोडधोड खाऊन फारसं न हलणाऱ्या माणसांना तो होतो, असं चरकाचं निरीक्षण. कारणांच्या यादीत खारट, आंबट, तिखट आहे, उडीद, कुळीथ, वाल आहेत, दही, ऊस आणि मद्य आहे, दिवसा झोपणंही आहे. आणि खावं काय, तर जुने गहू, जव, जुना तांदूळ, मूग, मसूर, तूर यांचं कढण, चाकवत, मायाळू यांसारख्या भाज्या, दूध. पंचवटीतल्या काकूंच्या यादीची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

पुढं साधारण सातव्या-आठव्या शतकात माधवकर नावाच्या वैद्यानं रोगनिदानावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. 'माधवनिदान' या नावानं तो ओळखला जातो. त्यात 'आमवात' हा स्वतंत्र रोग म्हणून पहिल्यांदा नीट मांडलेला दिसतो. कल्पना अशी, की भूक मंद असताना, परस्परविरुद्ध अन्न खाल्ल्यानं, स्निग्ध जेवून लगेच अंगमेहनत केल्यानं अन्न अर्धवट पचतं. तो अर्धवट रस म्हणजे 'आम'. वायू त्याला सांध्यांत नेऊन टाकतो. उपाय म्हणून आधी लंघन, म्हणजे उपास, मग शेक, मग कडू-तिखट चवीची पाचक द्रव्यं. लसूण, आलं, कारलं, पडवळ. आणि एरंडेल. एका जुन्या संस्कृत श्लोकात आमवाताला शरीराच्या रानात फिरणारा हत्ती म्हटलंय आणि एरंडेलाला त्याला मारणारा सिंह. लहानपणी दर महिन्याला नाक दाबून जे पाजलं जायचं, त्याला सिंह म्हणतात हे तेव्हा कळलं असतं तर कदाचित थोडं धैर्य आलं असतं.

इथं एक बारीक गोष्ट नजरेतून सुटू नये. वातरक्तात जो कुळीथ वर्ज्य, तोच आमवातात चालतो, नव्हे चांगला म्हणून सांगितला जातो. म्हणजे जुन्या वैद्यांना हे पक्कं ठाऊक होतं, की सांधे दुखणं हा एक रोग नाही. रोग अनेक, आणि त्यांची ताटंही वेगवेगळी. ही समज वाटेत कुठंतरी सांडली. खाला आणि काकूंपर्यंत पोचेतो एकच ताट उरलं, आणि तेही रिकामं होत चाललेलं.

हे ज्ञान एका भाषेत बसून राहिलं नाही. इसवी सन ८५० च्या सुमाराला अली इब्न रब्बन अत्तबरी यानं 'फिरदौस-उल-हिकमत' हा अरबी ग्रंथ पुरा केला, त्याच्या शेवटच्या भागात हिंदुस्थानी वैद्यकाचा सारांश आहे. चरक, सुश्रुत यांच्याबरोबर तिथं 'निदान'ही आहे. बंगालकडच्या मानल्या जाणाऱ्या वैद्याचा ग्रंथ दोन-एकशे वर्षांत बगदादच्या बाजूला वाचला जात होता. आणि मग तो प्रवास उलटाही झाला. दख्खनचा इतिहासकार म्हणून आपण ज्या फरिश्त्याला ओळखतो, तो लहानपणी इराणकडून अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) आला, निजामशाहीत वाढला, १५८९ मध्ये विजापूरला गेला. त्यानं वैद्यकावरही एक फारसी ग्रंथ लिहिला, 'दस्तूर-उल-अतिब्बा'. हिंदुस्थानी वैद्यांचं ज्ञान फारसी वाचणाऱ्यांना कळावं, हा त्याचा हेतू. आमच्या खालांच्या परहेजात वातूळ-पित्तकर असे शब्द कसे घुसले, याचं उत्तर अशा माणसांत शोधावं लागतं.

त्याच निजामशाहीच्या दरबारात गोव्याहून एक पोर्तुगीज वैद्य येत असे, गार्सिया दा ओर्टा. १५३४ मध्ये तो गोव्यात उतरला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्यही होता आणि दोस्तही. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात हिंदुस्थानातल्या वनस्पती आणि औषधांची जी माहिती आहे, ती पुढं सगळ्या युरोपनं वापरली. त्यात एक प्रकरण चोपचिनीचं आहे. चीनकडून येणाऱ्या एका वेलीचं हे मूळ १५३५ च्या आसपास गोव्याच्या बाजारात पोचलं आणि बघता बघता फिरंग रोगावर, म्हणजे पोर्तुगीजांबरोबर आलेल्या गुप्तरोगावर, आणि सांध्यांच्या दुखण्यावर ते रामबाण ठरलं. भावमिश्रानं आपल्या 'भावप्रकाशा'त तिला 'द्वीपांतरवचा' असं संस्कृत नाव देऊन टाकलं, हकिमांनी तिच्यावर फारसीत स्वतंत्र रिसाले लिहिले. आजही नाशिकच्या काष्ठौषधींच्या दुकानात चोपचिनी मागितली तर पुडी मिळते.

पण चोपचिनीचा उपचार म्हणजे पुडी बांधून घरी नेणं नव्हतं. तिच्याबरोबर पथ्याचा मोठा जाच असे. आठवडेच्या आठवडे घरात राहायचं, मीठ नाही, आंबट नाही, जेवण मोजकं. युरोपातही ती याच अटींसह गेली. पाचवा चार्ल्स, स्पेनचा राजा आणि पवित्र रोमन साम्राज्याचा बादशहा, हा त्या काळातला सगळ्यात बलाढ्य सांधेरोगी. त्याला गाउट होता. त्यानं चोपचिनीचा काढा घेतला आणि शरीररचनाशास्त्राचा जनक मानला जाणारा व्हेसेलियस यानं १५४६ मध्ये या मुळावर एक लांबलचक पत्र छापलं. व्हेसेलियस चोपचिनीवर फारसा खूश नव्हता. बादशहा मात्र जेवणावर कधीच ताबा ठेवू शकला नाही. राज्य सोडून मठात राहायला गेला तरी त्याची बिअर आणि त्याचे खारवलेले मासे सुटले नाहीत. १५५८ मध्ये तो वारला. २००६ मध्ये स्पॅनिश डॉक्टरांनी त्याच्या जतन करून ठेवलेल्या बोटाच्या पेराची तपासणी केली, तेव्हा हाड खाऊन टाकणारे युरिक अॅसिडचे स्फटिक त्यात सापडले. चरकाचा आढ्यवात, साडेचारशे वर्षांनी पंचनाम्यासह सिद्ध झालेला.

ओर्टाचं पुढं काय झालं तेही सांगतो, जरी सांध्यांशी त्याचा संबंध नाही. तो मुळात ज्यू कुळातला. १५६८ मध्ये तो वारला, आणि १५८० मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशननं त्याची हाडं कबरीतून काढून जाळली. दुसऱ्यांच्या हाडांची काळजी करणाऱ्या माणसाच्या हाडांचं हे असं झालं.

आता येतो मी माझ्या आवडत्या माणसाकडं. लोलिंबराज. जुन्नरकडचा हा वैद्य-कवी साधारण सोळाव्या-सतराव्या शतकातला मानतात. जुन्नर म्हणजे निजामशाहीची पहिली राजधानी. आणि लोलिंबराजाची देवी म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातली सप्तशृंगी. 'वैद्यजीवन' या त्याच्या संस्कृत ग्रंथाच्या आरंभीच अठरा हातांच्या या देवीला वंदन आहे. पुस्तक वैद्यकाचं, पण लिहिलंय प्रेमकवितेसारखं. ज्वरावरचा काढा सांगायचा आणि मध्येच पत्नीच्या डोळ्यांची स्तुती करायची. त्या पत्नीचं नाव रत्नकला. आख्यायिका सांगते, की ती मुसलमान अधिकाऱ्याची मुलगी होती आणि तिच्याशी लग्न केल्यावर लोलिंबराजानं तिला हे नाव दिलं. आख्यायिकेत खरं किती हे इतिहासकारांनी ठरवावं. मला एवढंच वाटतं, की ज्या घरात पथ्य आणि परहेज हे दोन्ही शब्द एकाच चुलीपुढं बोलले जात असतील, असं घर त्या काळच्या लोकांना कल्पनेत तरी अशक्य वाटलं नव्हतं.

पथ्याबद्दल महाराष्ट्रातले वैद्य आजही जे वचन येता-जाता ऐकवतात, ते या 'वैद्यजीवना'तलंच. त्याचा आशय असा, की रोग्यानं पथ्य पाळलं तर औषधाची गरज काय, आणि पथ्य पाळलं नाही तर औषधाचा उपयोग काय. मूळ श्लोकात कवीनं एकच ओळ एका अक्षराच्या फरकानं दोनदा वापरलीय. कारागिरी म्हणून मी तिला सलाम करतो. पण हे वचन जितकं सुंदर तितकंच धोक्याचं आहे, असं माझं मत आहे आणि ते मी वाचून बनवलेलं नाही.

१९८३ मध्ये माझ्या अम्मीच्या हाताची बोटं सुजली. सकाळी उठलं की तास-दीड तास मूठ वळत नसे. पीठ मळायचं काम बहिणीकडं गेलं. आधी एका हकीमसाहेबांना दाखवलं, मग एका वैद्यांना. दोघंही सज्जन, दोघांनीही पैसे फारसे घेतले नाहीत. दोघांनी परहेज दिलं. आंबट बंद, दही बंद, वांगं, बटाटा, उडीद, हरभरा बंद, मोठ्याचं गोश्त बंद. अम्मीनं ते अकरा वर्षं पाळलं. लग्नाच्या दावतीतसुद्धा घरून आणलेली मुगाची खिचडी ती डब्यातून खायची. सुरुवातीला थोडं बरं वाटलं. मग दुखणं वाढलं की कोणीतरी यादीत अजून एक पदार्थ वाढवायचं, आणि अम्मीलाच विचारायचं, नक्की काही खाल्लं नाहीस ना? औषधाला यश आलं नाही की दोष पथ्यावर जातो आणि पथ्याचा दोष रोग्यावर. लोलिंबराजाच्या श्लोकातून पळून जायला रोग्याला वाट नाही. अम्मीचं वजन उतरलं, रक्त कमी झालं, आणि बोटं करंगळीच्या बाजूला वाकत गेली.

१९९४ मध्ये एका मोठ्या डॉक्टरांनी तिला आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू केली. मेथोट्रेक्सेट. अमेरिकेत या आजारासाठी तिला १९८८ मध्ये मान्यता मिळाली होती. काही महिन्यांत सूज उतरली. वाकलेली बोटं सरळ झाली नाहीत. ती होत नाहीत. डॉक्टरांनी सगळं खायला सांगितलं. अम्मीनं पहिली गोष्ट मागितली ती चिंचेचं सार.

म्हणून मी आहाराच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये. उलट या सगळ्या इतिहासातलं मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेलं प्रकरण आहाराचंच आहे आणि ते आपल्या महाराष्ट्रात घडलंय. पुणे-सोलापूर लोहमार्गावर उरुळी कांचन नावाचं स्टेशन आहे. गांधीजी आयुष्यभर आहाराचे प्रयोग करत होते हे सर्वांना माहीत आहे. आगाखान पॅलेसच्या कैदेत, १९४२ नंतर, त्यांनी आरोग्यावरची आपली छोटी पुस्तिका लिहिली, तिच्यातही मोठी जागा अन्नाला आहे. सुटका झाल्यावर पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात ते राहत. तिथंच गरिबांसाठी निसर्गोपचार सुरू करावा असं त्यांच्या मनात होतं. मग त्यांच्या लक्षात आलं, की शहरातल्या अशा केंद्रात खेड्यातला गरीब येणारच नाही. मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला गेले, आठवडाभर राहिले आणि स्वतः रोगी तपासू लागले. औषध नाही. कटिस्नान, सूर्यस्नान, मातीच्या पट्ट्या, फळांचा रस, ताक, आणि रामनाम. राम आणि रहीम त्यांच्या लेखी एकच होते, हे वेगळं सांगायला नको.

पुढच्या राजकीय धामधुमीत त्यांना परत येता आलं नाही. मागं राहिले मणिभाई देसाई, तेव्हा पंचविशीतले, आणि पुढं विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे. निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. आता अडचण पाहा. रोग्याला सांगायचं, दूध घ्या, ताक घ्या, फळं खा, पालेभाज्या खा. रोगी हात जोडून ऐकतो. पण दूध आणायचं कुठून? कोरडवाहू मुलूख, घरात एखादी भाकड गाय, फळ दिसायचं ते जत्रेत. पथ्य लिहून देणं सोपं, ते शिजवायला घरात काही असावं लागतं. मणिभाईंनी आश्रमात गोशाळा काढली, गीर गाईंचा कळप सांभाळला, शेती सुधारली, आणि या वाटेनं जात जात १९६७ मध्ये त्यांनी तीच संस्था काढली, जी आज 'बाएफ' या नावानं देशभर ओळखली जाते. संकरित गाईंचं काम त्यांनी खेडोपाडी नेलं. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९३ मध्ये ते गेले. रोग्याच्या ताटात दूध यावं म्हणून निघालेला माणूस गाईच्या गोठ्यात पोचला, असं मी हे सगळं वाचतो. आहारावर व्याख्यानं देणारे आपल्याकडं पुष्कळ झाले. ताटाच्या मागं जाऊन गोठा आणि विहीर बघणारे थोडे.

आश्रम आजही चालू आहे आणि तिथं येणाऱ्यांत सांधेदुखीवाले असतातच. रस, उकडलेल्या भाज्या, जवळजवळ बिनमिठाचं जेवण. दहा दिवसांत बरं वाटतं, घरी आलं की पुन्हा सुरू, अशी तक्रार मी कित्येकांकडून ऐकलीय. या तक्रारीलाही शास्त्रीय आधार आहे. १९९१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नॉर्वेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अम्मीला झाला होता त्याच प्रकारचा संधिवात असलेले ५३ रोगी. त्यांतल्या साधारण निम्म्यांना आठवडा-दहा दिवस जवळपास उपास, फक्त भाज्यांचे रस आणि कढण. मग काही महिने दूध, मांस, गहू वगळून जेवण, मग हळूहळू दूधदुभत्यासह शाकाहार. त्यांना इतरांपेक्षा बरं वाटलं आणि वर्षभर तो फरक टिकला. उपास सोडून जुन्या जेवणाकडं वळलं की दुखणं परत येतं, हेही अशा अभ्यासांत दिसलं. रोगी थोडे होते, त्यामुळं डॉक्टर आजही जपूनच बोलतात, आणि औषध बंद करा असं कोणी म्हणत नाही. माधवकराचं लंघन अगदीच हवेतलं नव्हतं, एवढं मात्र यातून दिसतं. अर्थात लंघन म्हणजे आपली 'एकादशी आणि दुप्पट खाशी' नव्हे. साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याची आमटी माधवकराला दाखवली असती तर तो काय म्हणाला असता कोण जाणे. आमच्या इफ्तारच्या भज्यांबद्दलही त्याचं मत फार चांगलं झालं नसतं.

मग आपल्या माणसांना नेमकं होतं काय, हे कोणी घरोघर जाऊन मोजलं का? मोजलं. पुण्यातले संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात हे काम केलं. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला आपण जातो, तेच भिगवण. साधारण सहा हजार वस्तीच्या या गावात प्रत्येक दारात जाऊन विचारलं, कुठं दुखतं? सुमारे चार हजार प्रौढांपैकी १८ टक्क्यांहून अधिक लोकांना हाडं-सांधे-स्नायूंचं काहीतरी दुखणं होतं. अम्मीसारखा संधिवात दोनशे प्रौढांत एकाला. झिजेनं दुखणारे सांधे त्याच्या कितीतरी पट. आणि गाउट अगदी विरळ. कष्टकऱ्यांच्या गावात आढ्यवात कमी सापडावा, यात चरकाला काही नवल वाटलं नसतं.

आता या तिन्हींची ताटं वेगळी आहेत, आणि आज त्याबद्दल बरंच ठामपणे बोलता येतं. गुडघा झिजलेला असेल तर वांगं खाल्लं की नाही यापेक्षा वजन किती हे महत्त्वाचं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या स्त्रियांच्या १९९२ मधल्या अभ्यासात असं दिसलं, की ज्यांचं वजन दहा वर्षांत पाच किलोच्या आसपास कमी झालं, त्यांच्यात गुडघेदुखीच्या या आजाराचा धोका निम्म्याहून कमी झाला. शरीराचा एक किलो उतरला की चालताना दर पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलोंचा भार उतरतो, हे पुढं मोजून दाखवण्यात आलंय. माझ्या बाबतीत हा हिशेब मला पटला. रात्रीचं जेवण मी आठ वाजता आणि निम्मं केलं, तांदळाऐवजी नागलीची भाकरी धरली. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडं नागली हे गरिबाचं धान्य होतं, आता ती दुकानांत कपडे घालून बसलीय आणि भावही तसाच सांगते. वर्षभरात सहा किलो उतरले. गुडघे अजून बोलतात, पण खालच्या आवाजात.

गाउटचं ताट वेगळं. २००४ मध्ये अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांचा बारा वर्षांचा आढावा छापला गेला. मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांना गाउट जास्त, दूध-दही घेणाऱ्यांना कमी. आणि डाळी, पालक, फ्लॉवर यांनी काहीच बिघडलं नाही. रिपोर्टात युरिक अॅसिड वाढलेलं दिसलं की आपल्याकडं पहिली बंद होते ती तूरडाळ. बिचारी निर्दोष असताना किती वर्षं तडीपार राहिली! खरा गुन्हेगार दुसऱ्याच भांड्यात असतो. मालेगावची नहारी आणि कलेजी मला प्रिय आहे, पण युरिक अॅसिडवाल्यानं तिच्यापासून दूर राहावं हेच खरं. मद्यांत बिअर सगळ्यात वाईट ठरली. वाइनला त्या अभ्यासकांनी आधी सूट दिली होती. आमच्या जिल्ह्यातले द्राक्षवाले खूश झाले असतील, पण २०१४ मधल्या अभ्यासात तीही सुटली नाही. मला त्यात वैयक्तिक काही नाही.

आणि अम्मीच्या संधिवातात आहार हा औषधाचा सोबती. तो असावा, चांगला असावा, भरपेट असावा, पण त्यानं औषधाच्या गादीवर बसू नये. सूज सुरू झाल्यापासून पहिले काही महिनेच बोटं वाचवण्याचे असतात. ते पथ्याच्या परीक्षेत गेले तर परत मिळत नाहीत. सकाळी अर्धा-एक तास हात आखडत असतील तर यादी विचारायला खालांकडं जाण्याआधी दवाखान्यात जावं, हे मी ज्याला त्याला सांगत असतो.

नाशिकला १९९८ मध्ये आरोग्य विद्यापीठ आलं. त्याच्या एका छताखाली अॅलोपॅथी, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी सगळ्यांच्या परीक्षा होतात. इथं पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेदाचं जुनं महाविद्यालय आहे, तिकडं मालेगावला मन्सुऱ्यात तिब्बिया कॉलेज आहे. तिब्बियात 'इलाज-बिल-गिजा', म्हणजे अन्नानं उपचार, हा उपचाराचा स्वतंत्र प्रकार म्हणून शिकवतात, आणि गणेशवाडीत पथ्यापथ्य. दोन्हीकडच्या मुलांनी एकमेकांच्या वह्या वाचाव्यात असं मला वाटतं. फरिश्त्यानं ते चारशे वर्षांपूर्वी केलं होतं, आणि तेव्हा झेरॉक्सही नव्हतं.

लोलिंबराजाची देवी मात्र गडावरच आहे. नांदुरीहून वर गेलं, की पुढं पाचशेच्या आसपास पायऱ्या. गुडघेवाल्यांसाठी खालूनच नमस्कार असायचा. २०१८ मध्ये तिथं रुळांवरून चढणारी ट्रॉली सुरू झाली. आता चैत्राच्या यात्रेत, नवरात्रात, काठी टेकत आलेल्या आज्या रांगेत उभ्या असतात, तिकीट काढतात, दोन-तीन मिनिटांत देवीच्या पायाशी पोचतात. आमच्या गल्लीतल्या खाला गेल्या वर्षी पंचवटीतल्या त्यांच्या मैत्रिणीबरोबर हवा खायला गडावर गेल्या होत्या. मैत्रीण दर्शन घेऊन आली, खाला बाहेर सावलीत बसल्या. उतरताना दोघींनी भजी खाल्ली, हरभऱ्याच्या पिठाची.